तुमची लांबी खरवडून काढली आहे

(जुन्या गाड्या ‘नव्या’ करून विकणाऱ्या एका गृहस्थांना खुले पत्र)

गाडीवाले भाऊ,

नाव लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडून जुनी पिकअप घेतली त्यांनाही ठाऊक आहे. तुम्ही मला विकलेली जीपच्या तोंडाची महिंद्रा पिकअप सध्या माझ्या अंगणात निंबाखाली लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. केबिन उतरवली आहे, हौदा बाजूला ठेवला आहे, चेसिस उघडी आहे. तुमचं काम आता वरपासून खालपर्यंत पाहून झालं, म्हणून हे पत्र.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला देतो. तुमचा हात उत्तम आहे. डाव्या मडगार्डवर तळवा फिरवला तर कुठेही उंचवटा लागत नव्हता. लाल रंगाला लाट नव्हती, ओघळ नव्हता. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून इतक्या चिकाटीनं घासणारा माणूस आळशी नसतो. म्हणूनच तुमच्यावरचा माझा राग जास्त आहे. एखाद्या शिकाऊ पोरानं हे केलं असतं तर त्याला शिकवता आलं असतं. तुम्हाला सगळं येतं. पत्रा कापता येतो, ठोकता येतो, जोडता येतो. तरीही तुम्ही सगळं कसब खर्च केलं ते कुजलेलं लपवण्यावर.

त्या गुळगुळीत मडगार्डवर मी चुंबक ठेवला, तो सरळ खाली पडला. लोखंडी मडगार्डवर चुंबक धरत नाही, याचा अर्थ मध्ये लांबीचा जाड थर आहे किंवा खाली लोखंडच नाही. इथे दोन्ही होतं. छिन्नी आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. आधी लाल रंग निघाला, मग प्रायमर, मग लांबी, लांबीखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. दाराखालच्या पोकळ पट्टीत तर तुम्ही सिमेंट भरलं होतं. मदतीला आलेले म्हातारे डेंटर छिन्नी खाली ठेवून म्हणाले, “भाऊ, इथं पत्रा कुठी हाय? सारी लांबीच हाय.”

लांबी ही वाईट वस्तू नाही, हे तुमच्याइतकंच मलाही कळतं. पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची पूड यांचा तो लगदा. हार्डनर मिसळला की काही मिनिटांत घट्ट होतो. पत्रा ठोकून सरळ केल्यावर हातोडीच्या बारीक खुणा राहतात, त्या बुजवायला ती असते. दोन-तीन मिलिमीटरचा थर पुष्कळ झाला, आणि तोही स्वच्छ, कोरड्या, घासून उघड्या केलेल्या धातूवर. भोकावर ती टिकत नाही. मागून ओल येते, लांबी ती शोषून घेते आणि लोखंडाला चिकटवून ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून वाढत लांबीला बाहेर ढकलतो आणि रंगावर फोड येतात. याला एक पावसाळा पुरतो. तुम्ही गाड्या विकायला काढता दिवाळीच्या सुमारास. तेव्हा कापूस घरात येत असतो, शेतकऱ्याला गाडीची निकड असते, आणि पुढचा पावसाळा सात-आठ महिने लांब असतो. या वेळा तुम्ही विचार करून ठरवल्या आहेत, यात मला शंका नाही.

“आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून गंज नाही,” असं तुम्ही मला ठासून सांगितलं होतं. हे ऐकून किती जण फसले असतील! समुद्र नसला तरी या जिल्ह्यातल्या पिकअपला गंजायला काय कमी आहे? आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर इथे कोरडवाहू कापूस पिकतो. तीच माती मडगार्डच्या आतल्या कंगोऱ्यात आणि चेसिसच्या चॅनेलमध्ये चिकटून बसते. बाहेरून वाळलेली दिसते, आत कितीतरी दिवस ओलीच असते. वर हौद्यात खताची पोती. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. फाटक्या पोत्यातून ते सांडलं आणि त्यावर पावसाची सर आली की समुद्राच्या वाऱ्यातला क्षार जे करतो तेच हा क्षार करतो. क्लोराइडसमोर रंगाखालचं लोखंड तग धरत नाही. त्यात बाजाराला न्यायच्या शेळ्या, त्यांचं मूत, भिजलेली पऱ्हाटी. आणि पुराचं पाणी वेगळंच. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला लोक पुरात अडकले आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. अशा पाण्यात बुडून निघालेल्या गाडीच्या चेसिसमध्ये, दारांत, वायरिंगच्या जोडांत गाळ बसतो. तो कोणी काढत नाही. वरून रंग मात्र लागतो.

हौद्याच्या तळाचं तर तुम्ही कहरच केलं. जुना तळ चाळणी झालेला होता. तो न काढता तुम्ही त्यावर नवी चेकर प्लेट टाकली आणि चार बाजूंनी वेल्डिंगचे टाके मारले. “नवा हौदा टाकला आहे” असं सांगून त्याचे वेगळे पैसे घेतले. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरायला जागा होती, निघायला नव्हती. प्लेट उचलली तेव्हा खालून गंजाचे पापुद्रे आणि खताचा ओला थर निघाला. ज्या आडव्या पट्ट्यांवर हौदा बसतो, त्या हातानं मोडत होत्या.

ही गाडी तुमच्या लेखी भंगारातून उचललेला माल असेल. माझ्या लेखी ती या राज्यानं स्वतःच्या हातानं बनवायला शिकलेल्या गाड्यांपैकी एक आहे. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली ती पोलादाच्या व्यापाराची. १९४७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या ७५ जीप सुट्या भागांत बोटीनं आल्या, १९४९ मध्ये माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. पुढे हळूहळू भाग इथेच बनू लागले, पेट्रोलच्या जागी डिझेल आलं, आणि १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला गेला. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, २११२ सीसी. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या अशा जीपच्या पाठीवर हौदा बसला आणि ती पिकअप खेड्यापाड्यांत पोचली. माझी गाडी १९९१ ची, एमएच २९ ची. ज्या काळात गावात चारचाकी म्हणजे एकच गाडी असायची, त्या काळातली. तिनं कापूस जिनिंगला नेला, वऱ्हाड नेलं, रात्री अडलेली बाई यवतमाळच्या दवाखान्यात पोचवली. अशा गाड्या आमच्या भागातली माणसं नावानं ओळखत, कोणाची ते इंजिनाच्या आवाजावरून सांगत. आज त्यांतल्या बहुतेक तुमच्यासारख्यांच्या हातून गेल्या आहेत. ज्या उरल्या त्या सांभाळण्यासारख्या आहेत, म्हणून मी ही घेतली.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो.

गेल्या हंगामात माझा भाचा कापूस भरून दारव्ह्याहून येत होता. वेग बेताचा, रस्ता कोरडा, दिवसाची वेळ. पुढच्या डाव्या कमानपाट्याचं ब्रॅकेट चेसिसपासून उपटलं. ॲक्सल मागे सरकला, स्टेअरिंग हातातून हिसकलं, गाडी नालीत गेली. पोराचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. समोरून त्या क्षणी कोणी दुचाकीवर येत असतं तर हे पत्र मी पोलीस ठाण्यातून लिहिलं असतं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, “जुनी गाडी हाय भाऊ, व्हतेच थे.” त्या पोराची चौकशीसुद्धा तुम्ही केली नाही.

जुनी होती म्हणून ते ब्रॅकेट तुटलेलं नाही. ते का तुटलं, हे आता चेसिस उघडी झाल्यावर कोणालाही दिसेल. तिथला चॅनेल खालच्या अंगानं कुजला होता. तुम्ही ते पाहिलं होतं, कारण तुम्ही त्यावर पट्टी लावली. पातळ पत्र्याची पट्टी, गंज न काढता, कडेकडेनं वेल्डिंगचे ठिपके, वरून काळा रंग. म्हणजे ही जागा धोक्याची आहे हे तुम्हाला कळलं होतं. पाहून, कळून, तुम्ही ती झाकली. बाकीच्या लांबीचा मी कदाचित नुसता संताप करून विषय सोडला असता. ही पट्टी मी सोडणार नाही.

चेसिस कशी जोडतात हे तुम्हाला येत नसेल असं मी धरत नाही, तरी लिहितो, कारण हे पत्र दुसरेही वाचतील. कुजलेला भाग पुरता कापून काढायचा, हातोडीच्या टोल्याला खणखणीत वाजणारं लोखंड लागेपर्यंत. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवायचा. आधाराची प्लेट लावायची तर तिची टोकं निमुळती ठेवायची, म्हणजे ताण एका रेषेवर गोळा होत नाही. चॅनेलच्या वरच्या-खालच्या ओठांवर आडवा टाका मारायचा नाही, कारण भार आला की चीर तिथूनच सुरू होते. चीर आधीच पडली असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवायची आणि मग भरायची. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढायच्या, डिझेलच्या नळ्या आणि टाकी दूर ठेवायची. शेवटी आतून-बाहेरून जस्ताचा प्रायमर, आणि पोकळ जागेत मेण किंवा ग्रीस. पाणी निचरायला कारखान्यानं दिलेली भोकं मोकळी ठेवायची. तुम्ही तीही लांबीनं बुजवली होती.

ब्रेकच्या नळीबद्दल थोडक्यात सांगतो. या गाडीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, एकाच सर्किटचे. त्यात एक नळी फुटली की चारही चाकांचा दाब जातो. मागच्या ॲक्सलवरची नळी गंजानं खरबरीत झाली होती आणि तुम्ही तिला रंग लावला होता. नवी नळी आणि रंगाचा डबा यांच्या किमतीत असा किती फरक होता? पुसदकडच्या डोंगरात भरलेली गाडी उताराला लागल्यावर ती नळी फुटली असती, तर त्या फरकाचं काय झालं असतं?

अजून एक सापडलं. चेसिस नंबरच्या खाचांवर तुमच्या वेल्डिंगचा थर चढलेला आहे. पासिंगच्या वेळी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. ठशात दोन आकडे उमटेनात. गाडी खरी, कागद खरे, नंबर खरा, तरीही आता मला कार्यालयाच्या पायऱ्या चढून तो खरा असल्याचं सिद्ध करत बसायचं आहे. प्रश्न विचारले जाणार ते मला. तुम्ही पावती दिली नव्हती, मागितली तेव्हा “आपल्या-आपल्यात पावती कायले” म्हणालात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं. ते तुम्ही घ्या. आणि या गाडीची तुमच्याकडची नोंद मला हवी आहे.

तुमच्या सजावटीकडे वळतो. पुढे जाड नळ्यांचा बुल बार, टपावर एलईडीची पट्टी, प्रेशर हॉर्न, रुंद टायर, मागे हौदा फूटभर लांबवलेला, फाळके उंच केलेले, आणि हा जास्तीचा भार पेलावा म्हणून मागच्या कमानीत घुसडलेले जादा पाटे. याला तुम्ही “मॉडिफाय” म्हणता आणि त्याचे पैसे सर्वांत जास्त घेता. बुल बारवर केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे, कारण धडकेत तो समोरच्या पादचाऱ्याला आणि गाडीतल्यांनाही घातक ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या आणि उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल तुम्ही करता, त्याचं बिल तुम्ही घेता, आणि रस्त्यावर अडवला जातो तो मालक.

हौदा लांबवल्यानं काय होतं तेही ऐका. मागचं वजन ॲक्सलच्या पार मागे गेलं की पुढचा ॲक्सल हलका होतो, स्टेअरिंग पोकळ लागतं, ब्रेक मारल्यावर पुढची चाकं हवी तेवढी रस्ता धरत नाहीत. म्हणूनच मागे किती भाग लोंबता ठेवायचा याला नियमात मर्यादा आहे, व्हीलबेसच्या ६० टक्के. कापूस हलका आणि फुगीर, त्यामुळे शेतकऱ्याला मोठा हौदा हवासा वाटतो, हे खरं. त्याची गरज खरी आहे. त्या गरजेवर कुजक्या चेसिसचं लोखंड लांबवून विकणं हा तुमचा धंदा आहे.

मला गाडी सजवण्याचं वावडं नाही. घरी बसून जुनी गाडी मनासारखी करण्याइतका आनंद कमी कामांत असतो, आणि तो मी सध्या रोज घेतो आहे. मूळ रंग शोधत डॅशबोर्डच्या मागे गेलो तेव्हा तुमच्या लाल रंगानं न गाठलेला एक कोपरा सापडला, फिकट राखाडी. नोंदणी पुस्तकातही रंग तोच लिहिलेला आहे. तुम्ही गाडी लाल केली आणि पुस्तकात बदल करून घेतला नाही. आता ती पुन्हा राखाडी होईल. हौद्याचं माप कागदावर आहे तितकंच, फाळके मूळ उंचीचे. तळाला मात्र सागाच्या फळ्या घालायच्या आहेत, मध्ये लोखंडी पट्ट्या, खाली पाणी निघायला फट. यवतमाळच्या जंगलात सागाला तोटा नाही, आणि आरा मशीनवर हव्या त्या जाडीच्या फळ्या कापून मिळतात. अमेरिकेत १९४० च्या दशकातल्या शेवरोले पिकअपच्या हौद्याला असा लाकडी तळ कारखान्यातूनच येत असे. एखादी फळी कुजली तर बोल्ट काढून तेवढीच बदलायची. वजन आणि मापं बदलणार नाहीत, तरीही परिवहन कार्यालयात विचारून मगच बोल्ट कसणार आहे.

अमेरिकेतल्या लोकांचं एक सुख आहे. पन्नास-साठ-सत्तर वर्षांच्या पिकअपचं मडगार्ड, दाराची खालची पट्टी, हौद्याची बाजू, असे नवे तुकडे त्यांना अजून विकत मिळतात. आपल्याला ते पत्र्यातून घडवावे लागतात. आणि घडवणारी माणसं आपल्याकडे आहेत! हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. छिन्नी खाली ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्या डेंटरनी १६ गेजचा पत्रा घेतला, पुठ्ठ्याचा नमुना कापला, वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीनं पत्रा खोलगट केला आणि डॉली मागे धरून तो असा काही वळवला की जुन्या मडगार्डच्या उरलेल्या कडेला तो बसल्यावर सांधा शोधावा लागला. टाके एका जागी सलग मारले नाहीत. इथे एक, वीतभर दूर दुसरा, मग पुन्हा पहिल्याजवळ, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. वर लांबी लागली ती नखाएवढ्या जाडीची. लोहारा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं किंगपिनचे बुश गनमेटलमधून काढून दिले. कमानपाटेवाल्यानं जादा पाटे काढून मूळ कमान पुन्हा वाकवून दिली आणि सेंटर बोल्ट नवा घातला. यांच्यापैकी कोणाच्या दुकानावर झगमगती पाटी नाही. त्यांच्याकडचं काम महिनोन्महिने चालतं, तुमच्याकडे आठवड्यात गाडी चमकते, म्हणून गिऱ्हाईक तुमच्याकडे जातं. तुमच्यामुळे या माणसांची पोरं आता हे काम शिकत नाहीत. शिकून करायचं काय, लांबी तर कोणीही भरतो, असं त्यांना वाटतं. तुमच्या अपराधांत मी हा अपराध भाच्याच्या हाताखालोखाल धरतो.

तुम्ही म्हणाल, पासिंग तर झालं होतं. झालं होतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या तारखेच्या आधी गाडी तुमच्याकडे येते, रंग लागतो, दिवे लागतात, मागच्या पट्ट्या चमकतात. तुमच्या धंद्यात तिला “पासिंगपुरती” करणं म्हणतात. एका तपासणीपुरती ठीक दिसणारी गाडी वर्षभर भार ओढते. आणि माझ्या गाडीला जुनी म्हणून सवलतही नाही. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणून जी वेगळी नोंदणी आहे, ती ५० वर्षांवरच्या, मालवाहतुकीत नसलेल्या आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेल्या गाड्यांना. माझी गाडी त्यात बसत नाही, बसायची गरजही नाही. ती कामाची गाडी आहे. तिनं कामाच्या कसोटीला उतरावं एवढंच मला हवं आहे.

जी गाडी खरोखर संपली आहे, तिला भंगारात जाऊ द्या. मला त्याचं दुःख होईल, पण तक्रार नसेल. त्यासाठी नोंदणीकृत केंद्रं आहेत, तिथे गाडी मोडल्याचा दाखला मिळतो, नोंदणी रद्द होते, नंबर दुसऱ्या गाडीवर फिरत नाही. इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्स, हाउसिंग असे चांगले भाग निघाले तर माझ्यासारख्यांच्या गाड्या त्यावर जगतात. मेलेली गाडी जिवंत म्हणून विकायचा हक्क मात्र तुम्हाला कोणी दिलेला नाही.

आता मागणं. पैसे परत मागत नाही. भाच्याच्या हाताचा खर्च तुमच्याकडून कसा घ्यायचा ते वकील बघतील. मला तुमची यादी हवी आहे. जीपच्या तोंडाच्या ज्या ज्या पिकअप तुम्ही पट्टी मारून विकल्या, त्या कोणाला विकल्या हे तुमच्या वहीत आहे. आर्णी, दिग्रस, घाटंजी, राळेगाव, उमरखेड, जिथे असतील तिथल्या मालकांना तुम्ही स्वतः फोन करा. सांगा की पुढच्या कमानपाट्याच्या ब्रॅकेटखाली चेसिस तपासून घ्या, ब्रेकच्या नळ्या बदलून घ्या. लाज वाटत असेल तर यादी माझ्याकडे पाठवा, फोन मी करतो. तुमचं नाव घेणार नाही.

आणि ज्यांच्या अंगणात अशी लाल, गुळगुळीत पिकअप उभी आहे, त्यांनी या फोनची वाट पाहू नये. एक चुंबक आणि एक छोटी हातोडी घ्या. आधी दारांखालची पट्टी आणि मडगार्डच्या कडा बघा, मग गाडीखाली जाऊन पुढची दोन्ही ब्रॅकेटं आणि चेसिसचा खालचा ओठ वाजवून बघा. खणखणीत आवाज आला नाही, किंवा काळ्या रंगाखाली पट्टीची कड हाताला लागली, तर ती गाडी भरू नका. या आठवड्याचा कापूस दुसऱ्याच्या गाडीनं जाऊ द्या.

आपला,
एक पिकअपमालक
यवतमाळ जिल्हा